नोंदीतले नाव आणि तोंडातले नाव : रोमान्श व्यक्तिनामांच्या इतिहासाविषयी

१५६२ साली बाझेल येथे स्तोत्रांचे एक पुस्तक छापून निघाले. कर्ता आल्प्समधील एंगादिन खोऱ्यातला, सूश या गावी जन्मलेला प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक; भाषा रोमान्श. रोमान्शच्या ज्या बोलीला व्हल्लादेर म्हणतात त्या बोलीतले हे पहिले छापील पुस्तक होय. या कर्त्याचे नाव दुरिच च्याम्पेल. पुढे १५७० नंतरच्या दशकात याच गृहस्थाने आपल्या प्रदेशाचे भूवर्णन आणि इतिहास असे दोन विस्तृत ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिले. ते त्याच्या हयातीत छापले गेले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते छापले गेले तेव्हा त्यांचा कर्ता झाला उल्रिकुस काम्पेल्लुस, आणि जर्मन भाषेतील इतिहासकारांच्या लेखी उल्रिख काम्पेल. या दोन नावांनी एका माणसाची वाटणीच करून टाकली आहे. स्विस इतिहासलेखनाच्या परंपरेत काम्पेल हा त्या प्रदेशाच्या इतिहासविद्येचा जनक म्हणून मान्यता पावला. रोमान्श वाङ्मयाच्या इतिहासात च्याम्पेल हा स्तोत्रांचा अनुवादक म्हणून उरला. पहिल्या परंपरेचा अभ्यासक स्तोत्रांचा उल्लेख तळटीपेत करतो, दुसऱ्या परंपरेचा अभ्यासक लॅटिन ग्रंथांचा.

हा प्रश्न केवळ ग्रंथसूची करणाऱ्यांचा आहे असे मला वाटत नाही. वाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपण लेखकाचे नाव कोणत्या रूपात लिहितो, यावर तो कोणत्या वाङ्मयाचा ठरतो हे अवलंबून असते. रोमान्शच्या बाबतीत ही गोष्ट विशेष तीव्रतेने जाणवते. या भाषेतली व्यक्तिनामे हजार वर्षे रोमान्श तोंडांनी उच्चारली, आणि तितकीच वर्षे ती बहुतांशी अन्य भाषांच्या लेखण्यांनी लिहिली. आरंभी लॅटिन, नंतर जर्मन, दक्षिणेच्या बाजूला इटालियन. त्यामुळे कोणत्याही रोमान्श नावाला दोन इतिहास असतात, एक कानाचा आणि एक लेखणीचा. दोहोंची गल्लत झाली म्हणजे अर्वाचीन ते प्राचीन वाटू लागते आणि प्राचीन ते अपभ्रष्ट.

विषय मराठी वाचकाला अपरिचित असल्याने थोडी पार्श्वभूमी दिली पाहिजे. इ. स. पूर्व १५ मध्ये ऑगस्टसच्या द्रुसुस आणि तिबेरियुस या सावत्र पुत्रांनी मध्य आल्प्सचा प्रदेश जिंकला. तोच पुढे रेशिया हा रोमन प्रांत झाला. तेथे रुजलेल्या बोलभाषेतील लॅटिनपासून जी भाषा वाढली ती रोमान्श. आज ती स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन या कँटनमध्ये बोलली जाते. २००० सालच्या जनगणनेत ३५,०९५ लोकांनी ती आपली प्रमुख भाषा म्हणून नोंदविली. भाषकसंख्या इतकी अल्प असूनही तिला पाच लेखनपरंपरा आहेत : पश्चिमेकडील सुर्सिल्वान, मधल्या खोऱ्यांतील सुत्सिल्वान व सुर्मिरान, आणि एंगादिनमधील पुतेर व व्हल्लादेर. २० फेब्रुवारी १९३८ च्या सार्वमताने स्विस मतदारांनी रोमान्शला चौथी राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली. १९८२ साली झ्युरिखचे भाषाशास्त्रज्ञ हाइनरिख श्मिड यांनी पाचही परंपरांसाठी एक समाईक लेखी रूप सिद्ध केले. या समाईक रूपाने सामान्य शब्दांची वर्णव्यवस्था ठरविली. माणसांची नावे मात्र जिथल्या तिथे राहिली. पश्चिमेचा जोन हा एंगादिनात ज्यान किंवा योनच असतो, आणि तिघेही लॅटिन योहान्नेसचे वंशज असतात.

नावांचा लेखी पुरावा इ. स. ७६५ पासून भरघोस मिळू लागतो. कूरचा बिशप टेल्लो याच्या नावावरील दानपत्र त्या सालचे आहे. दिझेंटिसच्या मठाला दिलेली शेते, कुरणे, घरे यांची ती दीर्घ यादी आहे, आणि तिच्यात स्थळनामे व व्यक्तिनामे खच्चून भरली आहेत. टेल्लोच्या घराण्यात व्हिक्तोर, पास्कालिस, व्हिगिलियुस अशी लॅटिन नावे चालत आलेली दिसतात. पण त्याच्या आईचे नाव तेउसिंदा, म्हणजे जर्मानिक. एकाच घरात दोन नामपरंपरा नांदत होत्या याचा हा पुरावा फार मोलाचा. नंतरच्या शतकात हे प्रमाण पालटत गेले. रांक्वाइल येथील फोल्क्विन या अधिकाऱ्याची इ. स. ८२० च्या आसपासची खरेदीखते सांक्ट गालेनच्या मठात सुरक्षित आहेत. त्यांत अधिकाऱ्याचे नाव जर्मानिक, तर विकणारे व साक्षीदार बहुतांशी लॅटिन नावांचे. इ. स. ८४३ मध्ये कूरचे धर्मपीठ मिलानच्या आधिपत्याखालून काढून माइंत्सला जोडले गेले. त्यानंतर वरचा धर्माधिकारीवर्ग उत्तरेकडून येऊ लागला आणि त्याच्याबरोबर नावांची फॅशनही आली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. दहाव्या-अकराव्या शतकातल्या कागदात जर्मानिक नाव आढळले की तो माणूस जर्मन बोलणारा, असा निष्कर्ष जुने इतिहासकार सहज काढीत. तो टिकत नाही. व्युर्त्सबुर्गच्या एका हस्तलिखितात कोणा लेखनिकाने लेखणी चालते की नाही हे पाहण्यासाठी खरडलेले एक वाक्य आहे. ते दहाव्या-अकराव्या शतकातले असून रोमान्शचा सर्वांत जुना लेखी मागोवा म्हणून त्याचा निर्देश केला जातो. कोणा माणसापाशी दहा माशादेखील नाहीत, असा त्याचा अर्थ लावतात. या वाक्याचा पहिलाच शब्द व्यक्तिनाम आहे : दिदेर्रोस. नावाचे मूळ जर्मानिक दिसते. वाक्य मात्र रोमान्शचे. भाषेच्या लेखी इतिहासाची सुरुवात एका थट्टेच्या वाक्याने व्हावी आणि थट्टेचा विषय झालेल्या माणसाचे नाव परके असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. नाव पोशाखासारखे उसने घेता येते. भाषा तितक्या सहजी बदलत नाही.

मग नावाचा खरा वयोनिर्णय कशाने करावयाचा? माझ्या मते त्याची कसोटी ध्वनिपरिवर्तनाची आहे. एखाद्या नावावर भाषेतील सामान्य नामांप्रमाणेच सर्व ध्वनिनियमांचा संस्कार झाला असेल, तर ते नाव त्या भाषेच्या तोंडात तेवढा काळ अखंड होते असे मानावे लागते. सुर्सिल्वानमध्ये जॉर्जचे रूप जिएरी असे आहे. लॅटिन गेओर्गियुसमधील 'ओ'चा 'इए' कसा झाला? तो डुक्कर आणि बाग या अर्थाच्या शब्दांत झाला तसाच : लॅटिन पोर्कुसपासून पिएर्च, होर्तुसपासून इएर्त. संताचे नाव आणि गोठ्यातले जनावर यांना ध्वनीच्या इतिहासाने एकाच चरकातून काढले आहे. कोणा पंडिताने पोथीतून उचललेले नाव असते तर ते असे झिजले नसते. ऱ्हेत्स्युन्स गावाजवळ चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांनी भरलेले एक लहानसे चर्च आहे. त्याचे नाव सोन्य जिएरी, म्हणजे संत जॉर्ज. चर्चचे जर्मन नाव कागदात आले तरी गावाच्या तोंडातले नाव पुसले गेले नाही, आणि म्हणून व्यक्तिनामांच्या अभ्यासकाला स्थळनामे इतकी उपयोगी पडतात. जगभरच्या प्रवाशांना सेंट मॉरिट्झ म्हणून ठाऊक असलेले गाव रोमान्शमध्ये सान मुरेत्सान आहे. त्यातील 'मु' हा लॅटिन मौरितियुसच्या आद्य अवयवावर आघात नसल्यामुळे झालेला संकोच आहे. लौरेंतियुसचे लुरेन्य झाले तेही त्याच रीतीने, आणि फ्लोरिनुसचे फ्लुरीन झाले तेथेही आघात नसलेला 'ओ' असाच 'उ' झाला.

आघाताचा हा जुलूम काही नावांवर इतका झाला की त्यांचे डोकेच उडाले. निकोलाउसचा आरंभ गळून सुर्सिल्वानमध्ये क्लाउ राहिले, पुतेरमध्ये क्लो, व्हल्लादेरमध्ये क्ला. दोमेनिकुसमधून एकीकडे दुमेंग आले, दुसरीकडे नुसते मेन. आग्नेसची नेसा झाली, बार्बाराची बार्ब्ला, दोमेनिकाची मेंज्या. एकोणिसाव्या शतकातील जर्मन शिक्षकांना अशी नावे खेडवळ वाटत. नोंदवहीत ते निकोलाउस आणि बार्बरा असे 'शुद्ध' करून लिहीत. वस्तुतः क्ला हे रूप निकोलाउसपेक्षा अधिक जुन्या मौखिक परंपरेचा साक्षीदार आहे. शुद्धीकरणाने येथे पुरावाच नष्ट केला.

'कास्पार' या नावाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. एंगादिनात त्याचे च्याश्पर होते. लॅटिन 'का'चा तालव्य 'चा' होणे हा त्या खोऱ्याचा ठळक विशेष. घर या अर्थाचा कासा हा शब्द तेथे व्हल्लादेरमध्ये च्यासा, पुतेरमध्ये चेसा होतो. पश्चिमेकडे सुर्सिल्वानमध्ये 'का' बहुधा 'का'च राहतो, म्हणून तेथे कास्पार हे रूप टिकावयास हरकत नव्हती. परंतु त्या बाजूचा एकोणिसाव्या शतकातील सर्वांत मोठा कवी आपल्याला जाचुन हास्पर मुओथ (१८४४-१९०६) या नावाने भेटतो. हा 'हा' कोठून आला? शेजारच्या आलेमानिक जर्मन बोलींत आरंभीचा 'क' घर्षक 'ख' होतो. त्या 'ख'ला रोमान्श कानाने जवळचा 'ह' देऊ केला असावा असे मला दिसते. तसे असेल तर एकच नाव एका खोऱ्यात रोमान्श ध्वनिनियमाने बदलले आणि दुसऱ्या खोऱ्यात शेजाऱ्यांकडून फिरून परत आले. जर्मन संदर्भग्रंथांत याच कवीचे नाव सरळ कास्पार असे आढळते, आणि हा सगळा प्रवास त्या एका दुरुस्तीत गडप होतो.

उच्चारासंबंधी एक गोष्ट मराठी वाचकासाठी. संत लुसियुस आणि संत प्लासिदुस यांची रोमान्श रूपे लुत्सी आणि प्लात्सी अशी आहेत. यांतील 'त्स' हा ध्वनी आपल्याला परका नाही. 'चूल', 'चाक' या शब्दांतला 'च' तोच. पण मराठीत हा 'च' इकार-एकारापूर्वी सहसा येत नाही, तेथे तो तालव्य होतो. त्यामुळे मराठी जीभ लुत्सीचे 'लुची' करू पाहील. रोमान्शमध्ये दोन्ही ध्वनी स्वतंत्र आहेत आणि त्यांची अक्षरेही वेगळी आहेत. आपल्या लिपीने 'च'चे दोन उच्चार एकाच चिन्हात कोंडले. रोमान्श लेखकांपुढे उलट अडचण होती, लॅटिन लिपीला जे तालव्य ध्वनी ठाऊकच नव्हते त्यांच्यासाठी चिन्हे शोधावयाची. सामेदानच्या याच्याम बिफ्रुनने १५६० मध्ये नव्या कराराचे पुतेर भाषांतर छापले तेव्हा त्याने 'सी', 'एच' आणि 'आय' या अक्षरांचा समूह तालव्य 'च'साठी वापरला. च्याम्पेलच्या नावाच्या जुन्या लेखनात ते 'आय' अक्षर दिसते, आजच्या लेखनात दिसत नाही. जर्मन रूप काम्पेल हे तर तो ध्वनीच पुसून टाकते. त्याच्या गावच्या माणसाने 'काम्पेल' अशी हाक ऐकून मागे वळून पाहिले असते की नाही, शंकाच आहे.

धर्मसुधारणेने नावांचे काय केले हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे, येथे थोडक्यात. १५२० नंतरच्या दशकांत एंगादिन बहुतांशी प्रॉटेस्टंट झाले, पश्चिमेकडील वरचे खोरे कॅथलिक राहिले. संतांच्या मूर्ती गेल्या, त्यांच्या यात्रा थांबल्या. संतांची नावे मात्र पाळण्यात राहिली. रामोश गावी संत फ्लोरिनुसची समाधी होती. तेथील यात्रा बंद झाली, पण प्रॉटेस्टंट घरांत फ्लुरीन आणि फ्लुरीना जन्मतच राहिले. त्यांच्या जोडीला जुन्या करारातील नावे आली. कॅथलिक बाजूला प्लात्सी, सिगिस्बेर्ट ही दिझेंटिसच्या मठाच्या संस्थापकांची नावे विशेष रुळली. मठातल्या प्लात्सी आ स्पेशा (१७५२-१८३३) या साधूने अनेक अनोळखी शिखरे पादाक्रांत केली आणि रोमान्श भाषेविषयी कळकळीने लिहिले. त्याचे जन्मनाव निराळे होते. प्लात्सी हे मठात मिळालेले.

आता आडनावांकडे वळू. येथे तोंड आणि लेखणी यांचे अंतर अधिक स्पष्ट होते, कारण आडनाव हे मुळातच नोंदीचे अपत्य आहे. गावात सर्वच एका आडनावाचे असले की लोक घराच्या नावाने किंवा टोपणनावाने ओळखले जातात. आडनाव लागते ते करवसुलीला, खताला, बाप्तिस्म्याच्या वहीला. ग्राउब्युंडेनच्या पश्चिम व मध्य भागांत आडनावांचा एक मोठा वर्ग 'का' या अवयवाने सुरू होतो : कापाउल, काफ्लिश, कामेनिश, कातोमास, कामातियास, कायाकोब, कादाल्बेर्ट. हा 'का' म्हणजे कासा, घर. पाउलचे घर ते कापाउल, फ्लिशचे म्हणजे फेलिक्सचे घर ते काफ्लिश, मेनिशचे म्हणजे दोमेनिकचे घर ते कामेनिश, आल्बेर्टचे घर ते कादाल्बेर्ट. म्हणजे ज्याला आपण घराणे म्हणतो त्या शब्दातच हे आडनाव उभे आहे. बोलताना 'का'वर आघात नसतो. तो पुढच्या नावावर असतो, कारण अर्थाचा भार तेथे आहे. जर्मन तोंडात आघात पहिल्या अवयवाकडे सरकतो, 'का' ठसठशीत होतो आणि आत दडलेला फेलिक्स किंवा दोमेनिक ऐकू येईनासा होतो. मधल्या खोऱ्यांतील बोलींत घराच्या शब्दाचा आरंभीचा ध्वनी तालव्य आहे; सुर्मिरानमध्ये घराला चेसा म्हणतात. आडनावातला 'का' मात्र लिखित परंपरेने गोठलेला आहे. माणूस ज्या घरात राहतो त्याचा उच्चार एक, आणि त्याच्या आडनावात जे घर आहे त्याचा दुसरा.

ठिकाणांवरून आलेल्या आडनावांत 'दे' हा संबंधदर्शक शब्द चिकटून गेला आहे : देप्लात्सेस, देरुंग्स, देकुर्तिन्स, देमार्मेल्स. रुंग म्हणजे जंगल तोडून काढलेली जमीन, कुर्तीन म्हणजे घरालगतचे कुंपण घातलेले आवार. जुन्या खतांत हे दोन शब्द सुटे असत. लेखनिकाने केव्हा तरी ते जोडून लिहिले आणि तेव्हापासून तो पत्ता न राहता वंश झाला. ही आडनावे देशांतरालाही गेली. ग्राउब्युंडेनचे मिठाईवाले व्हेनिसमध्ये शतकभराहून अधिक काळ धंदा करीत होते. १७६६ मध्ये त्यांना तेथून घालवून देण्यात आले तेव्हा ते युरोपभर पांगले. नेपल्समध्ये काफ्लिश हे नाव प्रतिष्ठित मिठाईगृहाचे नाव झाले. 'फेलिक्सचे घर' हा त्याचा अर्थ तेथे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मानवतावादी पंडितांनी आपली नावे स्वतःच बदलली, हे येथे विसरता येत नाही. सगळा दोष परक्या लेखण्यांवर टाकणे न्याय्य होणार नाही. म्युस्ताइर खोऱ्यातला सिमोन मार्गादांत (१५११-१५५०) विटेनबर्गला गेला. मार्गादांत म्हणजे व्यापारी. अगदी बाजारातला शब्द. घराण्यातील लेम् या दुसऱ्या नावाला धरून त्याने स्वतःला लेम्नियुस म्हणवून घेतले, आणि एका अक्षरात ग्रीक लेम्नोस बेटाची प्रभा मिळविली. १५३८ मध्ये त्याच्या लॅटिन सुभाषितांनी ल्यूथरचा रोष ओढवला. १५४९ मध्ये त्याने ओदिसीचे लॅटिन भाषांतर छापले. ज्या बोलीत तो वाढला तिच्यातील वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जागा नाही. नाव बदलण्याची ही किंमत त्याने बहुधा आनंदाने मोजली असावी. च्याम्पेलचे तसे नाही. त्याने दोन्ही नावे राखली, दोन कामांसाठी.

याच प्रदेशातील सर्वांत प्रसिद्ध नाव एका कादंबरीने घडविले आहे, आणि वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने ते उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. येनाच हा सतराव्या शतकातील धर्मोपदेशक, सेनानी आणि राजकारणी. त्याचा बाप इस्राएल येनाच हा एंगादिनमधला प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. नाव पाहता जुन्या कराराचा प्रभाव उघड आहे. मुलगा पुढे कॅथलिक झाला, त्याने फ्रेंचांना साथ दिली आणि नंतर त्यांनाच प्रदेशाबाहेर काढले, आणि जानेवारी १६३९ मध्ये कूर येथे त्याचा खून झाला. आडनावाची घडण पाहण्यासारखी आहे. यान हे योहान्नेसचे रूप; त्याला 'आच' हा प्रत्यय. रोमान्शमध्ये हा प्रत्यय मोठेपणा आणि तुच्छता या दोन्ही छटा देतो. त्याच यानला लघुत्वाचा प्रत्यय लागून यानेत हे आडनाव झाले. आडदांड, अंगापिंडाने थोराड असा कोणी यान या घराण्याच्या मुळाशी असणार. लॅटिन पत्रव्यवहारात या आडनावाचे येनातियुस होते. प्रत्ययातली ती गावरान चेष्टा नाहीशी झाली आणि एखाद्या रोमन कुलाचा भास निर्माण झाला.

कोनराड फेर्डिनांड मायर या झ्युरिखच्या कादंबरीकाराने १८७६ मध्ये त्याच्यावरील कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पहिल्या आवृत्तीत नायकाचे नाव गेओर्ग होते. पुढच्या आवृत्त्यांत ते बदलून मायरने युर्ग केले. गेओर्ग हे ग्रंथभाषेतील जर्मन नाव, युर्ग हे बोलीतले आणि म्हणून मातीचा वास असलेले. पण कोणाच्या मातीचा? युर्ग हे रूप आलेमानिक जर्मन बोलींचे आहे. कादंबरीकाराला आपला नायक पंडिती वाटू नये, डोंगराचा वाटावा अशी इच्छा होती, आणि त्यासाठी त्याने आपल्या कानाला डोंगरी वाटणारे नाव निवडले. वास्तववादाचा हा व्यवहार मोठा मार्मिक आहे. स्थानिकतेचा आभास देणारे रूपच नायकाच्या पित्याच्या भाषेला बाजूला सारते. कादंबरी गाजली, शाळांतून वाचली गेली, आणि इतिहासाच्या सामान्य वाचकांनीही नंतर ते नाव स्वीकारले. इतिहासकाराने कितीही कागद दाखविले तरी कादंबरीने दिलेले नाव तो परत घेऊ शकलेला नाही.

१८७६ हेच वर्ष दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८७४ च्या संघीय कायद्याने जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद चर्चकडून काढून मुलकी अधिकाऱ्यांकडे दिली, आणि हा कायदा १ जानेवारी १८७६ पासून अंमलात आला. तोवर एकाच माणसाचे आडनाव तीन कागदांत तीन प्रकारे लिहिले जाई आणि त्यात कोणाला गैर वाटत नसे. नोंदवहीने एक रूप पक्के केले. ज्या दिवशी ज्या अधिकाऱ्याने जे लिहिले ते कायमचे झाले. घराचा जोन कागदावर योहान झाला तर पासपोर्टावर, शाळेच्या दाखल्यावर, थडग्याच्या दगडावरही तो योहानच. गावांच्या बाबतीत पुढे काही प्रमाणात परतफेड झाली : १९४३ पर्यंत रेम्यूस या जर्मन नावाने ओळखले जाणारे गाव अधिकृतपणे रामोश झाले, शूल्सचे १९७० मध्ये स्कुओल झाले. गावाचे नाव ग्रामसभा बदलू शकते. आडनावाला सभा नसते.

आता उलट बाजूचे एक उदाहरण. विसाव्या शतकात स्वित्झर्लंडभर, जर्मनभाषकांतही, रेतो हे मुलाचे नाव अतिशय लोकप्रिय झाले. ऐकताच ते रेशियाच्या आदिम काळातले वाटते. प्लिनीने रेतुस नावाच्या एका पुढाऱ्याचा उल्लेख केला आहे : रेशियन लोक मूळचे एत्रुस्कन, गॉलांनी हुसकावल्यावर या रेतुसच्या नेतृत्वाखाली ते डोंगरात आले, अशी ती आख्यायिका. जमातीच्या नावावरून पूर्वपुरुष कल्पिण्याची ही प्राचीनांची नेहमीची रीत. त्या कल्पित पुरुषाचे नाव पुढे खऱ्या मुलांना दिले गेले. रेतोमध्ये मौखिक परंपरेचा एकही ओरखडा नाही; ते ग्रंथातून थेट पाळण्यात आले. पर्यटकाला रेतो हे अस्सल आणि क्ला हे अपभ्रष्ट वाटते. ध्वनीचा साक्षीपुरावा नेमका याच्या विरुद्ध आहे. अर्थात, ज्या भाषेची नावे इतकी शतके दुसऱ्यांनी लिहिली तिच्या लोकांनी एकदा स्वतः होऊन एक प्राचीन नाव निर्माण करावे, यात मला काही आक्षेपार्ह वाटत नाही. फक्त त्याला पुरावा समजू नये.

या सगळ्या सामग्रीचा मोठा संग्रह म्हणजे 'रेटिशेस नामेनबुख'. रोबेर्ट फॉन प्लांटा (१८६४-१९३७) यांनी या कामाचा पाया घातला. आंद्रेआ शोर्टा यांच्यासह सिद्ध केलेला स्थळनामांचा पहिला खंड १९३९ मध्ये आला, शोर्टा यांचा व्युत्पत्तींचा दुसरा खंड १९६४ मध्ये, आणि कोनराड हूबर यांचा व्यक्तिनामांवरील तिसरा खंड १९८६ मध्ये. हूबर यांच्या ग्रंथाचे ऋण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकावर आहे. तरी त्याच्या रचनेविषयी एक शंका नोंदवावीशी वाटते. व्युत्पत्तिकोशाला मूळ नावाचा मथळा लागतो. त्याखाली सर्व रूपे येतात. योहान्नेसखाली जोन, ज्यान, योन, यान, येनाच एकत्र होतात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पण अशी मांडणी वाचता वाचता वाचकाच्या मनात मूळ ते खरे आणि जिवंत ते त्याचे विकार अशी उतरंड तयार होते. नोंदवहीतल्या कारकुनाचा पूर्वग्रह आणि कोशकाराची शिस्त यांचा परिणाम येथे विचित्रपणे एकच होतो.

सेलिना चोंझ यांनी आलोइस कारिजिएत यांच्या चित्रांसह १९४५ मध्ये एका डोंगरी मुलाची गोष्ट प्रसिद्ध केली. रोमान्शमध्ये त्या मुलाचे नाव उओर्सिन. उओर्स म्हणजे अस्वल, लॅटिन उर्सुस. अस्वलाचा शब्द आणि मुलाचे नाव यांतील नाते रोमान्श मुलाला सांगावे लागत नाही. जर्मन आवृत्तीत तो उर्स्ली झाला, आणि जगातील अनेक भाषांत तो याच नावाने गेला. नावाला लागलेला 'ली' हा स्विस जर्मन लघुत्वदर्शक प्रत्यय आता त्या मुलापासून वेगळा करता येणार नाही.

मग अभ्यासकाने करावे काय? मी या लेखात एक नियम पाळला आहे, तो सांगून टाकतो. लेखकाने स्वभाषेतील पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावर स्वतःला जे म्हटले ते त्याचे नाव मानावे. त्याचे आधुनिकीकरण करू नये. च्याम्पेलच्या नावाचे आजच्या रोमान्श लेखनाप्रमाणे सुधारलेले रूपही काही ठिकाणी वापरतात. हेतू चांगला आहे, पण पद्धत त्या जर्मन शिक्षकांचीच. लॅटिन ग्रंथाची चर्चा असेल तेथेही च्याम्पेलच लिहावे आणि काम्पेल्लुस हे त्या ग्रंथापुरते घेतलेले नाव म्हणून सांगावे, म्हणजे इतिहासकार आणि स्तोत्रकार पुन्हा एकाच माणसात येतील. बिफ्रुनला हा नियम लागू पडतो. लेम्नियुसला पडत नाही. त्याने स्वभाषेत पुस्तकच लिहिले नाही, आणि जे नाव त्याने हौसेने घेतले ते त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

येनाचच्या बाबतीत तर नियमच अडतो. त्याला स्वभाषेतील शीर्षकपृष्ठ नाही. लॅटिनात तो गेओर्गियुस, पहिल्या आवृत्तीत गेओर्ग, नंतरच्या आवृत्त्यांत युर्ग. म्हणून वर त्याचा उल्लेख करताना मी त्याला प्रत्येक वेळी नुसते येनाच म्हटले आहे, आणि पहिल्या नावाची जागा मोकळी ठेवली आहे.